समुद्रावरची अखजी

जहाजावर काय न्यायचं नाही याची यादी मुलीने आधीच मोबाईलवर पाठवली होती. इस्त्री, किटली, एक्स्टेंशन बोर्ड, मेणबत्ती, उदबत्ती, काडेपेटी, घरचं शिजवलेलं काहीही. मी ती दोनदा वाचली आणि बायकोला म्हणालो, याच्यापेक्षा तुरुंग बरा, तिथे निदान भेटायला येणाऱ्याचा डबा चालतो. तिने माझ्याकडे लक्ष न देता साड्यांच्या घडीत ठेच्याची बाटली सरकवली. ती बंदरावरच्या मशिनीत पकडली गेली. तिथल्या मुलीने हातमोजे घातलेल्या हाताने ती उचलली आणि पिंपात टाकली.

सहल आम्ही मागितली नव्हती. जानेवारीत आई गेली, आणि बंगलोरहून मुलगी फोनवर रोज तेच म्हणू लागली. बाबा, दीड वर्ष तुम्ही घराबाहेर पडला नाहीत, काका-काकूंनाही घ्या आणि तीन रात्री समुद्रावर राहून या. काका म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो अकोल्याला असतो, कृषी विद्यापीठात कारकून आहे. मी अमरावतीला. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि आता कोणी विचारलं नाही तरी लोकांच्या चुका दाखवत असतो.

आईचं आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तिच्या किडन्या गेल्या होत्या. मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस. अशा माणसाला पाणी मोजून द्यायचं असतं, नाहीतर ते फुफ्फुसात साचतं. डॉक्टरांनी दिवसाला अर्धा लिटर सांगितलं होतं, चहा आणि वरणाचं पाणी धरून. हे काम मी घेतलं, कारण मोजणं मला जमतं आणि बायकोचं मन लगेच विरघळतं. मी अर्ध्या लिटरच्या बाटलीवर पेनाने खुणा केल्या. सकाळी इतकं, गोळ्यांबरोबर इतकं, रात्री इतकं. आई म्हणायची, "थोडंसं दे रे बाप्पा, घसा वाळला." मी खूण दाखवायचो. मी रागावत नसे, आवाज चढवत नसे, फक्त देत नसे. वर्गात कॉपी करणाऱ्याला ज्या आवाजात उठवायचो, त्याच आवाजात तिला नाही म्हणायचो.

शेवटच्या रविवारी दुपारी तिने घोटभर मागितलं. बाटली संपली होती. मी म्हणालो, मंगळवारी डायलिसिस झालं की देतो. ती भिंतीकडे तोंड करून निजली. मला वलगावला एका मित्राच्या वडिलांच्या तेरवीला जायचं होतं. दर रविवारसारखा भाऊ अकोल्याहून आला होता, तो तिच्याजवळ थांबला. मी सातला परतलो, तो बसने निघून गेला. त्या संध्याकाळी आईने पाणी मागितलंच नाही. दीड वर्षात असं कधी झालं नव्हतं. मी स्वतः बाटली घेऊन गेलो तर तिने मान हलवून नको म्हटलं. मला वाटलं, माझ्या हातचं पाणी आता तिला नको झालं आहे. पहाटे तिला धाप लागली आणि सकाळी नऊला दवाखान्यात ती गेली. तहानलेली गेली. हे मी कोणाला बोललो नाही, पण नळ सोडला की मला तेच आठवायचं. तो मी पटकन बंद करायचो.

आता तारखेची गोष्ट. मुलीने विचारलं, कोणत्या तारखा देऊ? मी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर पाहिलं. आमच्याकडे कॅलेंडर आईचं खातं होतं. नवं कॅलेंडर लागलं की ती पेन्सिलीने गोल करत सुटायची. एकादशी, सिलिंडर, कोणाचं बारसं, कोणाचं श्राद्ध. तिचा गोल असेल त्या दिवशी घरात काहीतरी असायचं, गोल नसेल तर काही नसायचं, चाळीस वर्षं आम्ही असेच जगलो. या वर्षीचं कॅलेंडर लागलं आणि तीन आठवड्यांत ती गेली. पुढची सगळी पानं कोरी. मी वैशाखाचं पान पाहिलं, सोमवार ते गुरुवार मोकळे दिसले, आणि त्याच तारखा मुलीला कळवल्या. छापलेलं लाल अक्षर मला दिसलं नाही असं नाही. दिसलं. पण आईचा गोल नव्हता, म्हणून मी ते वाचलंच नाही.

रविवारी संध्याकाळी अमरावतीहून गाडीत बसलो. अकोल्याला भाऊ आणि त्याची बायको चढले. बॅगा सीटखाली ढकलून झाल्यावर भावजयीने पाणी प्यायलं, तोंड पुसलं आणि म्हणाली, "भाऊजी, बुधवारी अखजी हाय ना? मंग घागर कोण भरून राह्यलं?"

आमच्या वऱ्हाडात अक्षय्य तृतीयेला अखजी म्हणतात, आणि तो पितरांचा दिवस. मातीची नवी घागर पाण्याने भरायची, गळ्याला पांढरा दोरा गुंडाळायचा, तोंडावर खरबूज ठेवायचं. आंब्याचा रस, कुरडया, चिंचवणी असं ताट वाढायचं. गेलेलं माणूस त्या दिवशी उन्हातून घरी येतं आणि पाणी पिऊन जातं. वर्षभरात गेलेल्याची ही पहिली घागर असते, ती चुकवत नाहीत. आणि भरायची लेकाने. आम्ही दोघेच लेक, दोघेही गाडीत, आणि दोन्ही घरांना कुलूप.

गाडीने शेगाव सोडलं तेव्हा भाऊ खिडकीकडे बघत म्हणाला, "माय आधी अमरावतीले जाईन. कुलूप दिसलं की अकोल्याले येईन. तिथंबी कुलूप." मी त्याला म्हटलं, मूर्खासारखं बोलू नको. मी देवाधर्माचं फारसं मानत नाही, मुलांना वर्गात तसं सांगतही आलो. पण त्याने म्हटल्यापासून ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हटेना. आमच्या दाराची कडी, आणि ओसरीवर ऊन.

जहाजाचं कौतुक करणारे लोक रांगांबद्दल काही सांगत नाहीत. बॅगांना पट्ट्या लावायची रांग, आधार कार्डाची रांग, फोटो काढून गळ्यात घालायच्या कार्डाची रांग. तेच कार्ड खोलीची किल्ली, तेच जेवणाचं, तेच खर्चाचं. बॅगा ते आपल्याकडून घेतात आणि संध्याकाळी कधीतरी खोलीपाशी आणून ठेवतात. त्यामुळे रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवाव्यात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी मोजून चार तास गोळीची वाट पाहिली. जहाज निघालं की मोबाईल मुका होतो. मुलीचं बजावणं होतं की फोन विमानाच्या खुणेवर टाका, नाहीतर भलतंच बिल येईल. तोही टाकला. आता कोणाला फोन करून आमच्या दाराशी लोटाभर पाणी ठेव म्हणायचीही सोय राहिली नाही.

आमच्या खोलीला खिडकी नव्हती. स्वस्त खोल्या जहाजाच्या पोटात असतात. दिवा घालवला की सकाळ आहे की दुपार, काही कळत नाही. भिंतीमागून पाण्याचे नळ गेलेले, कुठेतरी कोणी अंघोळ केली की आमच्या उशाशी पाणी वाहायचं. टेबलावर पाण्याच्या दोन बाटल्या होत्या, दोन्हींच्या गळ्यात किमतीची चिठ्ठी. बायकोने त्या आधी कपाटात कोंडल्या. वर जेवणाच्या हॉलमधलं पाणी फुकट, तिथून पेले भरून आणू म्हणाली. मी टेबलाची रिकामी जागा पाहत बसलो. बाटलीवर किती आणि कोणी प्यायचं याची चिठ्ठी लावणारे जगात मी एकटाच नाही, असं वाटलं, पण त्याने बरं वाटलं नाही.

पहिल्या संध्याकाळी सेफ्टी ड्रिल झाली. भोंगा वाजला की आपापल्या जागी जमायचं, नारिंगी जाकीट कसं घालायचं ते बघायचं. एक तरुण अधिकारी हसतमुखाने हिंदीत सांगत होता. शेवटी कोणीतरी गमतीत विचारलं, बोटीत चार दिवस राहायची पाळी आली तर? तो म्हणाला, एकच लक्षात ठेवा, कितीही तहान लागली तरी समुद्राचं पाणी प्यायचं नाही, थोडंसं मागितलं तरी लहान मुलांना द्यायचं नाही. सगळे हसले. मी भावाकडे पाहिलं. तो पांढराफटक पडला होता. मला वाटलं त्याला जहाज लागलं. बायकोने त्याला आल्याची गोळी दिली.

त्यानंतर तो नीट जेवलाच नाही. जेवण तर ढिगाने होतं. सकाळी सहापासून लोक ताटं घेऊन फिरत, एकेका ताटात इडली, पास्ता आणि जिलबी एकत्र, आणि अर्धं टाकून उठत. मला जेवणापेक्षा पेले दिसायचे. प्रत्येक टेबलावर पाण्याचे अर्धे, पाऊण भरलेले पेले सोडलेले. एका कुटुंबाच्या टेबलावर मी मोजले तर सात होते. आईचे दोन दिवस त्यात निघाले असते. मग एक वेटर आला आणि सगळे पेले एका टबात उलटे करून निघून गेला.

मंगळवारी गोवा होतं. बायका उतरून फिरून आल्या, टोप्या घेतल्या. आम्ही दोघे भाऊ जहाजावरच राहिलो, आणि दिवसभर एकमेकांना टाळत राहिलो. मी वरच्या डेकवर गेलो की तो खाली जायचा. त्या रात्री झोपताना मी टेबलावर पाण्याचा एक पेला भरून ठेवला. का ठेवला, ते स्वतःलाही नीट सांगितलं नाही. सवयीने पाणी कुठपर्यंत आहे ते मात्र पाहून ठेवलं, पेल्यावरच्या निळ्या रेघेला टेकलेलं. सकाळी दिवा लावला तर पाणी रेघेच्या बोटभर खाली होतं. एसीत पाणी उडतं, हे मला कळतं. बायको रात्री उठते, हेही मला माहीत आहे. तिला विचारलं असतं तर ती सहज म्हणाली असती, मी प्यायले. मला ते ऐकायचं नव्हतं. मी उभा राहिलो आणि उरलेल्या पाण्याकडे बघत राहिलो. माझ्या अंगावर काटा आला होता, आणि खरं सांगायचं तर मला आनंदही झाला होता.

बुधवारी दिवसभर जहाज नुसतं समुद्रात होतं. दहाच्या सुमाराला भाऊ आमच्या खोलीत आला आणि दारातच म्हणाला, "दादा, आपण घागर भरून टाकू. कशातबी भरू." मी काही बोलायच्या आत भावजय कामाला लागली होती. खोलीत बर्फ ठेवायची स्टीलची बादली होती, ती तिने घासून घेतली. बायकोने सुईदोऱ्याच्या डबीतला पांढरा दोरा बादलीच्या गळ्याला गुंडाळला. वरून खरबुजाच्या फोडी आल्या, आमरस म्हणून डब्यातल्या आंब्याचं गोड काहीतरी आलं. कुरडई कुठली मिळणार, पापड आला. चिंचवणीसाठी भावजयीने चाटच्या ठेल्यावरची चिंचेची चटणी मागून घेतली, पाण्यात कालवली आणि चहाच्या साखरेच्या पुड्या फोडून टाकल्या. चाखून म्हणाली, "आत्याबाईनं नाव ठेवलं असतं, पण प्याली असती." आम्ही चौघेही हसलो. आईने खरंच नाव ठेवलं असतं. तिला माझ्या बायकोचीही चिंचवणी कधी पटली नाही.

पाणी कोणतं, यावर थोडा वाद झाला. नळाचं नको असं भाऊ म्हणाला. मी कपाट उघडून दोन्ही बाटल्या काढल्या आणि चिठ्ठ्या फाडून टाकल्या. मोठा म्हणून मी खाली बसलो, आईचं नाव घेतलं आणि पहिली बाटली बादलीवर धरली.

पाणी थोडं पडलं आणि माझा हात थांबला. मी थांबवला नाही. दीड वर्ष रोज त्याच ठिकाणी थांबायची त्याला सवय होती. मी बाटली सरळ केली आणि किती उरलं ते डोळ्यांपुढे धरून पाहिलं.

"पुरं ओत ना!" भाऊ ओरडला. "मेल्यावरबी मोजून देशीन काय तिले?"

मला राग आला. मी म्हणालो, "तुले काय जाते बोलाले? रविवारी येऊन बसायचं आन् चालं जायचं. रोज नाई म्हणाचं काम मायं होतं. तिनं भिंतीकडे तोंड केलं ते मी पाह्यलं. तहानेली गेली ते माह्या हातानं गेली."

भाऊ कॉटच्या कडेला बसला. माझ्याकडे न बघता, बादलीकडे बघत तो बोलू लागला. "तहानेली नाई गेली, दादा. तू वलगावले गेला होता. वहिनी मागं कपडे उचलत होत्या. तिनं माहा हात धरला. म्हणे, तो देत नाई, तू दे. मी पाजलं तिले." त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "रात्री तिले धाप लागली ना, ते माह्या पाण्यानं लागली. मीच मारलं माह्या मायले. चार महिने झाले, मी कोणाले सांगतलं नाई. हिलेबी नाई." भावजय भिंतीला धरून उभी होती. तिलाही ते आत्ताच पहिल्यांदा कळत होतं, हे तिच्याकडे पाहून समजलं.

त्याला काय म्हणायचं ते मला ठाऊक होतं. नुसतं समजुतीचं बोलणं नव्हतं ते, खरं होतं. डॉक्टरांनी पंधरा दिवस आधीच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हृदयही थकलं आहे, आता आठवडा किंवा दोन, एखाद्या रात्री धाप लागेल आणि आटपेल. मी ते भावाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. सांगितलं असतं तर सगळे म्हणाले असते, मग आता कशाला मोजतोस? आणि मला मोजण्याशिवाय तिच्यासाठी दुसरं काही करता येत नव्हतं. हे सगळं त्या क्षणी माझ्या तोंडाशी होतं. एका वाक्यात भावाची सुटका झाली असती.

मी विचारलं, "किती प्याली?"

त्याने मान वर केली. "दोन गिलास. मंग अजून अर्धा."

"माठातलं?"

"माठातलं."

"घटाघटा?"

"घटाघटा. हनवटीवरून गयत होतं. मंग म्हणे, आता बरं वाटलं. अन् झोपली."

म्हणून संध्याकाळी तिने मान हलवली होती. माझ्यावर रुसून नव्हे, पोट भरलं होतं म्हणून. मला रडू आलं, पण ते सुखाचं होतं. समोर माझा भाऊ स्वतःला आईचा मारेकरी म्हणत रडत होता आणि मी इतका सुखात होतो की मला माझीच लाज वाटली. तरी मी त्याचा हात धरला आणि म्हणालो, "पह्यल्यापासून सांग."

त्याने सांगितलं. हात कसा धरला, पेला कोणता होता, आधी घोट घोट आणि मग कशी घाई. मी म्हणालो, पुन्हा सांग. त्याने पुन्हा सांगितलं, आणि प्रत्येक वेळी शेवटी तेच म्हणाला, मीच मारलं. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर कुठे माझ्या लक्षात आलं की मलाही त्याला डॉक्टरांचं ते बोलणं सांगायचं आहे.